स्लीव्हमोर : छप्पर नसलेल्या घरांचा अभ्यास

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काउंटी मेयोत, अ‍ॅकिल नावाचं बेट आहे. बेटाच्या उत्तर अंगाला स्लीव्हमोर हा ६७० मीटरांहून थोडा उंच डोंगर. त्याच्या दक्षिण उतारावरून एक जुनी वाट जाते आणि त्या वाटेच्या कडेनं दीडेक किलोमीटरभर ८० ते १०० घरांच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. छप्पर एकावरही नाही. गावात चर्च नाही, दुकान नाही, चौक नाही. पर्यटकांसाठी हे ‘ओसाड गाव’, आणि तिथली घरं म्हणजे आयर्लंडची जुनी दगडी घरं, असं सरसकट सांगितलं जातं.

‘दगडी घर’ म्हटलं की भक्कम, पिढ्यानपिढ्या टिकणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. स्लीव्हमोरच्या बाबतीत ही समजूत दिशाभूल करते. इथे दगड हा घरातला सर्वांत स्वस्त भाग होता. उतारावर हवा तेवढा पडलेला. घराची रुंदी किती, दार कुठे, चूल कुठे, हे ठरायचं ते छपरावरून आणि गाईवरून. नेमक्या याच दोन गोष्टी आज तिथे नाहीत. त्यामुळे उरलेल्या भिंतींवरून नसलेलं घर उभं करायचं, असा हा अभ्यास आहे.

जमीन आधी, घर नंतर

गावाभोवतीच्या उतारावर आजही समांतर उंचवटे दिसतात. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते जास्त उठून येतात. हे बटाट्याचे गादीवाफे. दोन्ही बाजूंना चर खणायचा, निघालेली माती मधल्या पट्ट्यावर उलटी टाकायची, खाली शेणखत किंवा समुद्रातलं शेवाळ घालायचं. ओल्या, आम्लधर्मी जमिनीत पाणी निचरून जाण्यासाठी याहून सोपा उपाय नव्हता.

जमीन एकेकाच्या नावावर नव्हती. पश्चिम आयर्लंडात तेव्हा सामाईक कुळवहिवाटीची पद्धत चाले. कुळं मिळून जमीन खंडानं घेत, चांगल्या आणि वाईट जमिनीचे लहानलहान पट्टे पाडत आणि ठरावीक काळानं त्यांची फेरवाटणी करत. डोंगरावरचं कुरण सगळ्यांचं. अशा व्यवस्थेत आपल्या शेतात घर बांधण्याला अर्थ नसतो, कारण आपलं असं शेतच नसतं. म्हणून घरं एकत्र, दाटीनं, शेत आणि कुरण यांच्या मधल्या पट्टीत. स्लीव्हमोरचं लांबट, वाटेला धरून पसरलेलं रूप यातून आलं आहे. कोणी आखणी केलेली नाही, पण जागेची निवड मात्र आंधळी नाही.

ही वस्ती काही पहिलीच नव्हे. याच उतारावर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची महापाषाणी थडगी आहेत. म्हणजे दगड उचलून रचण्याचं काम इथे फार जुनं.

भिंत

अ‍ॅकिलचा खडक मुख्यतः शिस्ट आणि क्वार्ट्झाइट. चुनखडीचा दगड जवळपास नाही, त्यामुळे चुना बाहेरून आणावा लागे आणि कुळाच्या ऐपतीत ते बसत नसे. म्हणून भिंती कोरड्या रचाईच्या, म्हणजे गडगाच, फक्त घराच्या उंचीचा. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये बारीक दगडांची भर आणि दोन्ही थरांना बांधून ठेवायला मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड. फटीत चिपा ठोकायच्या, आतून मातीनं लिंपायचं. भिंतीची जाडी हाताच्या लांबीएवढी किंवा त्याहून जास्त. ती जास्त ठेवण्यात हौस नव्हती. चुन्याशिवाय भिंत उभी राहायची तर ती स्वतःच्या वजनावरच राहणार.

भिंतीच्या आतल्या अंगाला लहान कोनाडे ठेवलेले आढळतात. खिडक्या जवळजवळ नाहीत. एक दार, क्वचित समोरासमोर दोन.

बांधकामाला गवंडी असेलच असं नाही. आयरिश खेड्यांत एकमेकांच्या कामाला जाण्याची मेहल नावाची रीत होती. कापणी असो, पीट (दलदलीत साठलेलं, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचं मातीसारखं जळण) काढणं असो की घर बांधणं असो, शेजारपाजार हाताला येई आणि मजुरीऐवजी परतीचं काम मिळे. दगड लोटायला पहार, खणायला कुदळ, एवढ्यावर भिंती चढत. भिंतींबद्दल मी इथेच थांबतो. पाहणारा माणूस त्यांच्याकडेच आधी बघतो, पण सांगण्यासारखं वर आहे.

छप्पर

आयर्लंडमध्ये १९०० च्या सुमाराला जंगल उरलं होतं जेमतेम एक टक्का जमिनीवर. पश्चिमेच्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर तर वाढलेलं झाड दिसणंच कठीण. ही एक गोष्ट लक्षात घेतली की घराचं अर्धं कोडं सुटतं.

लाकूड मग यायचं कुठून? एक वाट समुद्राची. वादळानंतर किनाऱ्याला लागलेले ओंडके, फुटलेल्या जहाजांच्या फळ्या. दुसरी वाट दलदलीची. पीटच्या खाली हजारो वर्षांपूर्वीचे पाइन आणि ओक गाडलेले असत. हवा न लागल्यानं ते कुजत नसत. लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसत खुपसत ओंडका शोधायचा. ज्या जागी सकाळचं दव आधी उडून जातं तिथे खाली लाकूड असतं, असंही लोक सांगत. सापडलेला ओंडका बाहेर काढणं, चिरणं, वाळवणं हे सगळं घरच्याघरी. असं मिळालेलं लाकूड लांबीला बेताचंच. म्हणून दोन तिरपे वासे टोकाला जोडून केलेली कैची जेवढ्या रुंदीवर बसेल तेवढीच घराची रुंदी. आयर्लंडभरच्या पारंपरिक घरांची आतली रुंदी क्वचितच पाच मीटरांच्या पुढे जाते, त्याचं कारण हे.

याचा पुढचा परिणाम असा, की खोलीमागे खोली हा प्रकार या घरांना ठाऊकच नाही. घर एकच खोली खोल. वाढवायचं झालं तर लांबीला वाढवायचं, म्हणजे टोकाला आणखी एक खोली आणि तिच्यावर आणखी दोनतीन कैच्या. त्यातही पश्चिमेकडे घर वाढवणं अशुभ मानत. अ‍ॅटलांटिकचा वारा ज्या अंगानं येतो त्या अंगाला भिंत सरकवू नये, एवढा व्यवहार त्या समजुतीत मला दिसतो. पण समजुतींना कारण चिकटवण्याचा मोह आवरलेला बरा.

कैच्यांवर आडव्या बारीक काठ्या. त्यांवर सोललेल्या गवताळ जमिनीचे पट्टे. मुळांसकट, दोनतीन इंच जाडीचे हे लांब पट्टे कुदळीनं सोलून काढत, काठीवर गुंडाळून वर नेत आणि पाख्यावर उलगडून काठ्यांना शिवून टाकत. घराची ऊब यातच असे. त्यावरचा शाकार मात्र पाणी झटकण्यापुरता. ओटचं किंवा रायचं काड, लव्हाळे, हेदर, समुद्रकाठचं गवत, ज्याला जे मिळेल ते. पूर्वेकडच्या सुखवस्तू शेतकऱ्याचा गव्हाच्या काडाचा शाकार वर्षानुवर्षं टिके. इथला दर हिवाळ्याआधी कुठे ना कुठे डागडुजी मागे.

पूर्व आणि पश्चिम आयर्लंडच्या छपरांत दिसणारा सर्वांत मोठा फरक म्हणजे दोर. पूर्वेला शाकार हेझल किंवा विलोच्या वाकवलेल्या काठ्यांनी आत खोचून बसवत. पश्चिम किनाऱ्यावर ते पुरत नसे. तिथे संपूर्ण छपरावरून दोर टाकत, आडवे-उभे, जाळं होईपर्यंत. हे दोर गवताचे किंवा काडाचे, वळून केलेले. कधी दलदलीतल्या पाइनच्या तंतूंचे. त्यांची टोकं वळचणीखाली भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना बांधत, नाहीतर त्यांना जड दगड लोंबकळत ठेवत. छपराची दोन्ही टोकंही इथे पूर्वेसारखी चहूबाजूंनी उतरती नसून, आढ्यापर्यंत चढवलेल्या त्रिकोणी भिंतीत संपतात. असं का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. टोकाची भिंत उंच असली की दोर अडकवायला जागा मिळते आणि वाऱ्याला उचलायला पाख्याची कड मिळत नाही, हा त्यातला मला पटणारा भाग.

वाऱ्याची ही भीती अवास्तव नव्हती. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आलेल्या वादळानं आयर्लंडभर छपरं उडवली. चुलीतले निखारे उडून शाकार पेटले आणि वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणून ती पिढ्यानपिढ्या लक्षात राहिली. पुढे १९०९ मध्ये सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं, तेव्हा जन्माचा दाखला बऱ्याच म्हाताऱ्यांकडे नव्हता, कारण सगळ्यांच्या जन्मांची सक्तीची नोंदणीच १८६४ पासूनची. मग ती रात्र आठवते का, हा प्रश्न वयाचा पुरावा ठरू लागला. अचानक ती आठवणाऱ्यांची संख्या वाढली, हे सांगायला नको.

गाय आत

स्लीव्हमोरच्या अनेक घरांची लांबी उताराच्या दिशेनं आहे. म्हणजे घराचं एक टोक वर, एक खाली, आणि दार बहुधा पूर्वेच्या लांब भिंतीत, वाऱ्याच्या आडोशाला. वरच्या टोकाला चूल आणि माणसं. खालच्या टोकाला गाई. खालच्या बाजूला जमिनीतून बाहेर जाणारा दगडी चर आणि भिंतीत दावणीची सोय अशा खुणा इथे आढळल्या आहेत. मधे भिंत नाही. असलाच तर काठ्यांचा कूड. घर उतारावर आडवं न घालता उभं घालण्याचं कारण त्या चरात आहे: मूत्र आणि घाण आपोआप खाली वाहून जावी, चुलीकडे येऊ नये.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या घरांत गोठा एकाच छपराखाली असतो, तेव्हा मराठी वाचकाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांना मात्र तो बसला आणि त्यांनी याचं वर्णन मागासलेपणा, आळस, घाण अशा शब्दांत केलं. त्यांचा निवाडा मला उथळ वाटतो. हिशोब बघा. खंड रोख भरायचा असे, आणि रोकड येई ती जनावर आणि लोणी विकून. डुकराला तर आयर्लंडमध्ये खंड भरणारे गृहस्थच म्हणत. हे जनावर हिवाळ्यात मेलं की कुटुंब रस्त्यावर. वेगळा गोठा बांधायचा म्हणजे वेगळ्या कैच्या, वेगळा शाकार, वेगळे दोर. आणि लाकूड तर एका घरालाच पुरेना. शिवाय गाई आत असल्या की घर उबदार राही आणि हिवाळाभराचं शेण एका जागी साठे. तेच वसंतात गादीवाफ्यांत जाई. गाईला आगीचा उजेड दिसत राहिला तर ती दूध जास्त देते, असंही लोक मानत.

घाण नव्हती असं मी म्हणत नाही. दारासमोरचा उकिरडा, धूर, ओल यांनी माणसं आजारी पडतच. पण ते घर अडाणीपणातून आलं नव्हतं.

चूल जमिनीलगत, टोकाच्या भिंतीपाशी. सर्पण पीटचं. जुन्या घरांना धुराडं नसे. धूर छपरातल्या भोकातून किंवा दारातून निघेल तेव्हा निघे. रात्री निखारे राखेखाली पुरत आणि पहाटे उकरत. आग विझू न देणं ही घरच्या बाईची जबाबदारी. अ‍ॅकिल ज्या प्रदेशात येतं, त्या वायव्य आयर्लंडातल्या बऱ्याच घरांत चुलीशेजारची लांब भिंत थोडी बाहेर काढून त्या खोबणीत पलंग बसवत. म्हातारीकोतारी माणसं तिथे झोपत. १९३४-३५ मध्ये ऑके कॅम्पबेल हे स्वीडिश लोकसंस्कृती-अभ्यासक आयर्लंडात आले, त्यांनी अशी घरं मोजली, काढली आणि दार चुलीपासून दूर असलेलं पश्चिमेचं घर व दार चुलीपाशी असलेलं पूर्वेचं घर हा भेद युरोपच्या संदर्भात मांडला. त्यांच्याआधी ही घरं वास्तुरचना म्हणून फारशी कोणी बघत नव्हतं.

त्याच डोंगराखालची दुसरी घरं

स्लीव्हमोरची तुलना करायला दूर जावं लागत नाही. याच डोंगराच्या ईशान्य पायथ्याशी डूगोर्ट आहे. चर्च ऑफ आयर्लंडचे पाद्री एडवर्ड नँगल १८३१ मध्ये अ‍ॅकिलला आले आणि १८३४ पासून त्यांनी डूगोर्टला प्रॉटेस्टंट मिशनची वसाहत उभी केली. तिथे आखीव रांगा, चुन्याची भिंत, स्लेटचं छप्पर, काचेची खिडकी, शाळा, छापखाना. एकच डोंगर, एकच पाऊस आणि एकच काळ, तरी घरं पूर्णपणे वेगळी. ‘स्थानिक हवामानानं घर घडवलं’ हे वाक्य किती अपुरं आहे, ते इथे कळतं. हवामान दोन्हीकडे सारखंच होतं. डूगोर्टमागे वर्गणीचा पैसा होता आणि जमिनीचा ताबा होता. दक्षिण उतारावरच्या कुळाकडे दोन्ही नव्हते.

ताब्याचा मुद्दा जरा थांबून बघायला हवा. बहुतेक कुळं जमीनमालकाच्या मर्जीवर होती. घर सुधारलं की खंड वाढण्याची भीती, आणि हुसकावलं तर केलेल्या खर्चाची भरपाई नाही. चुन्याचं, स्लेटचं, पक्कं घर बांधणं म्हणजे मालकाला भेट देणं. ज्या घरातला मौल्यवान भाग उचलून नेता येतो, ते घर अशा माणसाला परवडतं. घर सोडताना लोक वासे सोबत नेत, ते याचमुळे.

मालकालाही हे ठाऊक होतं. १८४५ पासूनच्या दुष्काळाच्या वर्षांत कुळाला बाहेर काढायचं तर नुसती नोटीस पुरत नसे; माणसं रात्री परत येऊन राहत. म्हणून आढं तोडून छप्पर खाली पाडत. भिंतींना हात लावायची गरज नव्हती. गरिबांच्या मदतीसाठी जमिनीवर गरीब-कर घेत. १८४३ च्या कायदादुरुस्तीनंतर ४ पौंडांपर्यंत मूल्याच्या लहान जमिनींवरचा हा कर कुळाऐवजी मालकावर पडू लागला, त्यामुळे अशी घरं रिकामी करण्यात त्याचा सरळ फायदा होता. १८४७ च्या कायद्यानं पाव एकराहून जास्त जमीन धरणाऱ्याला मदत नाकारली, म्हणजे उपाशी कुळानं जमीन आपण होऊन सोडावी अशीच ती तरतूद.

गाव रिकामं कसं झालं

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅकिलची बरीचशी जमीन मिशननं विकत घेतली. त्यानंतर सामाईक पट्टे मोडून जमिनींची नवी मांडणी, कुरणांवर बंधनं आणि हुसकावणं सुरू झालं. स्लीव्हमोरचे लोक हळूहळू समुद्राकाठी डूआ गावाकडे सरकले, कारण बटाटा गेला तरी मासा होता. यांतलं कोणतं एक कारण निर्णायक, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला तर एकच कारण शोधण्याचा आग्रहच चुकीचा वाटतो. एवढं गाव एका हंगामात उठलं, असं दाखवणारं काही तिथे नाही.

उलट, गाव पुरतं सुटलंच नाही. कित्येक वर्षं डूआ आणि आसपासच्या गावांतली मुलं-माणसं उन्हाळ्यात गुरं घेऊन स्लीव्हमोरच्या याच घरांत येऊन राहत. १९४० च्या दशकापर्यंत ही उन्हाळी चराई चालली. आयर्लंडमध्ये ती सर्वांत शेवटपर्यंत टिकली त्या जागांपैकी ही एक. त्यामुळे आज दिसणाऱ्या भिंती एका काळाच्या नाहीत. कुठे दार बुजवलं आहे, कुठे शेजारच्या घराचे दगड काढून मेंढ्यांचा कोंडवाडा केला आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅकिल फील्ड स्कूलनं इथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांत तयार झालेल्या नक्षीदार चिनीमातीच्या भांड्यांचे तुकडे भरपूर मिळाले. धुराडं नसलेल्या, गाई बांधलेल्या घरात छापील नक्षीच्या बशा! दारिद्र्य होतं, पण ही माणसं बाजारापासून तुटलेली नव्हती.

या गावाचं महत्त्व मोजायचं तर उरलेल्या आयर्लंडकडे बघायला हवं. १८४१ च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग केले होते. सर्वांत खालचा म्हणजे एका खोलीची मातीची झोपडी. ती भरली ४ लाख ९१ हजार, देशातल्या राहत्या घरांपैकी सुमारे ३७ टक्के. १८५१ मध्ये ती उरली १ लाख ३५ हजार. बाकीच्यांचं काय झालं? छप्पर पडलं, मातीच्या भिंती पावसात विरघळल्या, त्यावर गवत आलं. स्लीव्हमोरचं घर त्या झोपड्यांचंच दगडाच्या प्रदेशातलं भावंड. ते उरलं ते बांधकाम श्रेष्ठ होतं म्हणून नव्हे. दगड विरघळत नाही म्हणून.

आता काय करायचं

एखाद्या घरावर पुन्हा शाकार घालावा, अशी सूचना अशा जागांबद्दल अधूनमधून होते. मी विरोधात आहे. छप्पर घालायचं तर भिंतीचा माथा सपाट करावा लागेल, ढासळलेले कोपरे नव्यानं रचावे लागतील, आणि चुलीचं घर की उन्हाळी चराईचं घर यांतलं एक निवडावं लागेल. बुजवलेलं दार उघडायचं की ठेवायचं? दोन्ही उत्तरांत काहीतरी पुसलं जाणार. शिवाय असं छप्पर दर वर्षी हात मागतं, आणि ती मेहल आता राहिलेली नाही. इथे गरज आहे ती एवढीच, की लोकांनी भिंतींवर चढू नये आणि सुटलेला दगड जागच्या जागी राहावा.

छप्पर बघायचं असेल तर त्याची सोय दुसरीकडे आहे. डोनेगलमधल्या ग्लेनकोलमकिल इथे फादर जेम्स मॅकडायर यांनी १९६७ मध्ये गावकऱ्यांच्या मदतीनं लोकजीवनाचं संग्रहालय उभं केलं. तिथली घरं अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली म्हणून सजवली आहेत आणि शाकारावरून दोर टाकून ते भिंतीतल्या खुंट्यांना बांधलेले तिथे जवळून पाहता येतात. मेयोतच, कॅसलबारजवळ टर्लो पार्कला २००१ मध्ये उघडलेलं ग्रामजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. काडाचं विणकाम, पीट काढायची कुदळ, रोजच्या वापराची अवजारं तिथे आहेत. स्लीव्हमोरला जाणाऱ्यानं या दोन्ही जागा आधी पाहाव्यात. मग डोंगरावर पोचल्यावर नजर भिंतीच्या मधोमध न राहता तिच्या वरच्या कडेकडे आणि खालच्या चराकडे जाईल.